सोवळ्याची चप्पल

आमच्या टीममधल्या एका मित्राकडे बुटांचे चार जोड आहेत. पळायचे वेगळे, ट्रेकचे वेगळे, ऑफिसचे वेगळे आणि बॅडमिंटनचे वेगळे. यातले बॅडमिंटनचे बूट कधीच रस्त्याला लागत नाहीत. ते पिशवीतून कोर्टापर्यंत जातात, बाकावर बसून पायात चढतात आणि तासाभराने परत पिशवीत. कोर्टाच्या लाकडाला चरे पडू नयेत, बाहेरची माती आत येऊ नये म्हणून क्लबचा तसा नियमच आहे. त्याला (आणि मलाही) तो नियम एकदम रास्त वाटतो.

याच मित्राला गेल्या महिन्यात मी माझ्या मामाची गोष्ट सांगितली. चहा संपेपर्यंत त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "ते सगळं ठीक आहे रे, पण देवापुढच्या पेटीला चप्पल लावायची म्हणजे... कसंतरीच वाटतं यार."

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. मधले दोन वीकेंड रिलीजने खाल्ले. आज मुहूर्त लागला.

तर मंडळी, आजचा विषय आहे पायपेटी वाजवताना पायात काय घालावं. हसू नका, मीही आधी हसलो होतो.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरपासून फार लांब नाही. (जिल्ह्याचं नाव कागदोपत्री २०२३ मध्ये बदललं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर अजून उस्मानाबादच आहे.) गावात भजनी मंडळ आहे आणि भजनी मंडळात माझा मामा पेटी वाजवतो. आता भजनात पेटी म्हटली की हातपेटी, म्हणजे मांडी घालून बसायचं, डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने पट्ट्या. आमच्याकडे मात्र पायपेटी आहे. एक फिरती नाटक कंपनी बसली आणि तिचं सामान सोलापुरात विकायला निघालं, तेव्हा आईच्या वडलांनी ती बैलगाडीतून आणली, असं घरात सांगतात. आजोबा कीर्तनात वाजवायचे, त्यांच्या मागे मामा वाजवायला लागला.

खरं तर मूळचं वाद्य हेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी हार्मोनियम या नावाने जे बनवलं ते टेबलासारखं उभं होतं. खुर्चीवर बसायचं, हवा पायाने भरायची, दोन्ही हात मोकळे. आपण जमिनीवर बसणारी माणसं, त्यामुळे इथे आल्यावर पेटीचे पाय कापले गेले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांचं नाव या हातपेटीशी जोडलं जातं. पेटीचे पाय गेले तसं वादकाच्या पायांचं कामही गेलं आणि त्याऐवजी डावा हात अडकला. मराठी रंगभूमीने मात्र पायाचं वाद्य सोडलं नाही. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत तिरखवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती, आणि त्यांच्या सोबतीला ऑर्गन होता. आजही पुण्या-मुंबईत नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला की रंगमंचाच्या एका बाजूला ऑर्गन दिसतोच. आपण बघतो वादकाच्या बोटांकडे. खाली त्याचे पाय काय करताहेत, त्यात काय आहे, हे कोण बघतंय?

पाय काय करतात ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. खाली उतरत्या फळीसारखी दोन पेडलं असतात. फळीची आपल्याकडची बाजू बिजागरीवर, तिथे टाच टेकते. वरची बाजू चवड्याने दाबायची. डावा, उजवा, डावा, उजवा. त्याने भाते हलतात. आत एक साठवणीचा भाता असतो, तो हवेचा चढउतार सपाट करून सुरांना पुरवतो, म्हणजे आपल्या भाषेत बफर. आणि पेटीला एक खुंटी असते, ती ओढली की हा बफर बायपास होतो. मग पायाचा दाब थेट सुरात उतरतो. हळू दाबलं तर सूर मऊ, जोरात दाबलं तर भरदार, आणि पाय थरथरला तर सूरही थरथरणार. आमच्या पेटीची ही खुंटी मामाच्या लहानपणापासून ओढलेल्या जागी अडकून बसली आहे. बग होता, तो मामाने फीचर करून टाकला. अभंगाचं शेवटचं चरण तो असं विझवत नेतो की टाळकरी आपोआप हात आवरतात. हे सगळं त्याच्या चवड्यांत आहे.

इंजिनिअर माणूस, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. मी एकदा मोजलं. मामाचे दोन्ही पाय मिळून मिनिटाला पन्नासेक वेळा पडतात (भाते जुने आहेत, गळतात). दोन तासांच्या भजनात सहा हजार वेळा, म्हणजे एकेका पायाचे तीन हजार. पेडल दाबतो तसा पाय वजनकाट्यावर दाबायला सांगितलं तर काटा चार-पाच किलोवर गेला. आणि हे सगळं चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, बहुतेक एकाच जागी. पेडलावर जुन्या गालिच्याचा तुकडा ठोकलेला आहे, कडेने बारीक चुका मारून. (चूक म्हणजे बारीक खिळा, हा अर्थ ज्यांना माहीत नाही त्यांनी एकदा सुताराकडे जाऊन यावं.)

मामाला पंधरा वर्षांपासून शुगर आहे.

दोन वर्षांपूर्वीचा चैत्र. गोरोबाकाकांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला, त्या सुमारास आमच्या गावात सप्ताह असतो. मराठवाड्यातला एप्रिल सांगायला नको, दुपारी सभामंडपाबाहेरच्या फरशीवर पाय ठेवणं मुश्किल. मामा सात दिवस सकाळ-संध्याकाळ अनवाणी पेटीवर. सप्ताह संपला, काला झाला, पेटी घरी आली. मामीने पुसायला घेतली तर डाव्या पेडलाचा गालिचा कडक झालेला. तिला वाटलं कुंकू सांडलं. ती मामाला म्हणाली, "अहो, पेटीवर कुंकू कुणी सांडलं बघा की." मामा बघायला उठला आणि मामीला त्याच्या पायाचा ठसा फरशीवर दिसला.

चवड्याला पाच रुपयाच्या नाण्याएवढी जखम. किती दिवसांची, कुणाला माहीत नाही. मामालाही नाही. "मला तर काहीच कळलं नाही की गं," एवढंच तो म्हणत होता.

सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक साधी टेस्ट केली. नायलॉनचा जाडसर दोरा असतो, ठरावीक दाबाला वाकणारा, १० ग्रॅमचा. डोळे मिटायला सांगून तो तळपायाला दहा ठिकाणी टेकवला आणि विचारलं, लागला का? मामा तीन वेळा हो म्हणाला. बाकी सात ठिकाणी दोरा वाकला आणि मामा वाट बघत बसला होता, कधी टेकवताहेत म्हणून. मी शेजारी उभा होतो. आजवर इतके क्रॅश लॉग वाचलेत, पण असा गप्प बसलेला सर्व्हर पाहिला नव्हता.

संसर्ग हाडापर्यंत गेला होता. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. पाय वाचला, हे नशीब, असं डॉक्टर म्हणाले.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने २०२१ मधल्या भारतातल्या मधुमेहींचा अंदाज १०.१ कोटी असा दिला होता. त्यातल्या प्रत्येकाचे पाय बधिर नसतात, पण ज्यांचे होतात त्यांना ते होताना कळत नाही, हीच तर गंमत (गंमत कसली डोंबलाची) आहे. वेदना नसणं हाच आजार. ही गोष्ट जगाला नीट समजली ती आपल्याकडेच, वेल्लोरमध्ये. डॉ. पॉल ब्रँड तिथे कुष्ठरुग्णांचे हातपाय तपासत होते. तोवर सगळे समजायचे की बोटं रोगाने झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं झडतात ती न कळलेल्या जखमांनी. कुष्ठरुग्णांसाठी म्हणून सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल आली. तिलाच एमसीआर चप्पल म्हणतात आणि आज मधुमेहाचे डॉक्टर तीच लिहून देतात. आत मऊ रबर, खाली टणक तळ, मागे पट्टा. दिसायला अगदीच सरकारी. मामाला तीच दिली आणि सांगितलं, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. रोज रात्री पाय आरशात बघायचा.

चार महिन्यांनी मामा भजनाला गेला. चप्पल घालून पेटीपाशी बसला. मंडळातले एक ज्येष्ठ उठून जवळ आले आणि अगदी हळू आवाजात, हात जोडून म्हणाले, "अण्णा, तेवढं खाली काढून बसा. वाद्य आहे." भांडण नाही, आवाज नाही. मामाने चप्पल काढली. पहिला अभंग झाल्यावर त्याला घाम फुटला, तो उठला आणि घरी आला. नंतर सहा महिने पेटीवर चादर होती.

मी त्या ज्येष्ठांना दोष देत नाही, निदान एकट्यांना देत नाही. ते जे बोलले तेच माझा पुण्यातला मित्र बोलला, चार बुटांवाला. आणि खरं सांगायचं तर आधी मामाही तेच बोलत होता: "चप्पल घालून पेटी म्हणजे तिला लाथ मारल्यासारखं वाटतंय की रे." तेव्हा हा वाद गाव विरुद्ध शहर असा नाही, तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यातल्या एका जुन्या कोडशी आहे, जो कुणी लिहिला ते आठवत नाही आणि हात लावायला सगळे घाबरतात.

त्या कोडकडे जरा बघूया.

एक म्हणणं, चप्पल म्हणजे चामडं, चामडं देवापुढे नको. बरं. पखवाजाची पुडी कशाची असते? संबळ कशाने मढवतात? आई भवानीचा गोंधळ संबळाशिवाय होत नाही, तुळजापूर आमच्याच जिल्ह्यात आहे. खुद्द पेटीच्या भात्याला आणि झडपांना कातडं लावलेलं असतं. सगळं चामडं देवापुढे वाजतंय. आणि मामाची चप्पल तर रबराची आहे! म्हणजे अडचण चामड्याची नाहीच. अडचण आहे ती चपलेची, आणि चपलेसोबत चप्पल शिवणाऱ्याला आपण पिढ्यानपिढ्या कुठे बसवलं त्याची. पुडीचं कातडं कमावणारे हात आणि चपलेचं कातडं कमावणारे हात काही वेगळ्या गावचे नव्हते. एक वस्तू आत घेतली, एक उंबऱ्याबाहेर ठेवली, आणि याला आपण पावित्र्य म्हणतो.

दुसरं म्हणणं, पायातलं काहीच पूज्य नसतं. मग आळंदी-देहूहून पंढरीला निघणाऱ्या पालखीत काय असतं? पादुका. गाणगापूरला काय बघायला जातो? पादुका. नरसोबावाडीला? पादुकाच. खडावा घालून फिरणाऱ्या साधूला कुणी देवळात अडवल्याचं मी तरी ऐकलं नाही. पायात घालायच्या वस्तूला एवढा मान देणारी संस्कृती शोधून सापडायची नाही, आणि तीच मामाच्या साडेतीनशे ग्रॅम रबरापुढे अडून बसते.

तिसरं म्हणणं, वाद्याला पाय लावू नये. हे मला मनापासून पटतं. लहानपणी चुकून तबल्याला पाय लागला तर मीही नमस्कार केला आहे, अजून करतो. पण पायपेटी पायानेच वाजते हो! तिला पाय लावायचा नसेल तर ती वाजवायचीच नाही. आणि पेडलावर गालिचा कशाला ठोकला? पाय घसरू नये, लाकडाला पायाची झीज लागू नये म्हणून. म्हणजे पाय आणि पेटी यांच्यामध्ये काहीतरी असावं हे पेटी बनवणाऱ्यालाच पटलेलं होतं. त्याने ते पेटीला घातलं, आम्ही ते मामाला घालतोय, एवढाच फरक.

आता अनवाणी चालण्याच्या श्रद्धेबद्दल. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटर माणसांची रीघ लागते, कर्नाटकातूनही लोक चालत येतात, त्यातले कितीतरी अनवाणी. मामा दरवर्षी चालायचा. मीही इंजिनिअरिंगला असताना एकदा चाललो, एक केटी सुटावी म्हणून (सुटली :-)). तेव्हा अनवाणी पायांची टिंगल करायचा मला अधिकार नाही आणि करायचीही नाही. पण नवस हा ज्याचा त्याने बोलायचा असतो. माझ्या पायांनी मी काय सोसायचं हे मी ठरवेन. सभामंडपातल्या पन्नास धडधाकट माणसांनी एका बधिर पायाच्या माणसाला "तेवढं काढून बसा" म्हणणं हा नवस नाही. त्यात सोसणारा एक आणि पुण्य वाटून घेणारे पन्नास.

आणि ज्या गोरोबाकाकांच्या नावाने हा सप्ताह होतो त्यांची गोष्ट आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. काका विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवत होते, रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली आलं, त्यांना कळलंच नाही. लोक ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगतात, पुढे मूल परत मिळालं ते चमत्कार म्हणून सांगतात. मी हल्ली ती पायांची गोष्ट म्हणून ऐकतो. मन देवापाशी आणि पायाखाली काय चाललंय याचा पत्ता नाही. मामाचं त्या चैत्रात हेच झालं होतं. फरक एवढा की बोट परत मिळालं नाही.

काही जण म्हणतात (हे सुचवणारे प्रामाणिक असतात, म्हणून उत्तर देतो), मग हातपेटी का वाजवत नाही? एक तर मांडी घालून तासन् तास बसलं की घोट्याच्या बाहेरच्या हाडावर भार येतो, बधिर पायाला तिथेही जखम होते. आणि दुसरं म्हणजे, चाळीस वर्षं व्हायोलिन वाजवणाऱ्याला आपण म्हणत नाही की हे घे मेंडोलिन, तेही तारांचंच आहे.

आता माझ्या स्वतःच्या शहाणपणाबद्दल. मामा घरी बसला तेव्हा माझं पुणेरी रक्त (उसनं) खवळलं आणि मी हिंजवडीच्या वाटेवरच्या मॉलमधून सात हजारांचे रनिंग शूज घेतले. जाडजूड फोम, ढगावर चालल्यासारखं वगैरे. गावी जाऊन मामाच्या पायात घातले, पेटीवरची चादर काढली आणि म्हटलं, वाजवा. दोन मिनिटांत मामाने हात उचलले. "हे कुणाच्या पायाने वाजवायलोय मी?" पेडल दाबलं की आधी फोम दबतो, मग पेडल. लॅग! व्हिडिओ कॉलवर गाणं म्हणण्यासारखा प्रकार. वर त्या बुटांचा तळ बाहेर पसरलेला, दोन पेडलांमध्ये अंतर बोटभर, त्यामुळे एका पायाने दोन्ही दबायची. टाच उंच असल्याने गुडघे वर आले ते वेगळंच. मऊ म्हणजे आरामदायक हे समीकरण पळण्यासाठी असेल, इथे सपशेल फेल. सात हजार गेले. आता ते मी घालतो, मापाला अर्धा नंबर मोठे.

मोजे घालून पाहिले, गालिच्यावर घसरतात आणि चुकांत अडकतात. कोल्हापुरी तर बोलूच नका. तळ कडक, मागे पट्टा नाही, टाच उचलली की चप्पल खालीच.

मग मी जरा शोधाशोध केली, की पायाने वाजवायच्या वाद्यांचे इतर लोक काय करतात. अमेरिकेत कंट्री संगीतात पेडल स्टील गिटार असते. टेबलासारखी आडवी, बहुधा दहा तारा, डाव्या हातात लोखंडी कांडी, उजव्या बोटांत नख्या. खाली डाव्या पायाला तीन-चार पेडलं, उजव्या पायाखाली आवाजाचं पेडल, आणि वर गुडघ्यांनी ढकलायचे खटके. शेजारशेजारची दोन पेडलं एकाच पावलाने दाबायची आणि पाऊल कलतं करून त्यातलं एकच सोडायचं, तेव्हा तो सूर ओघळल्यासारखा आवाज येतो. या लोकांचं बुटांवर बारीक लक्ष असतं. का, ते आता मला कळतं. तळ जाड तर कुठलं पेडल पायाखाली आहे ते समजत नाही. पुढून रुंद तर नको ते पेडल दबतं. टाच उंच तर गुडघा वर जातो आणि खटका चुकतो. कुणी बूट घालून वाजवतं, कुणी नुसत्या मोज्यांवर. पण बुटाने गिटारचा अपमान होतो का, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही, त्यांना पडतो तो कुठल्या बुटाने ती नीट वाजेल हा.

आणि चर्चमधले ऑर्गनवाले. त्यांच्या पायाखाली तीस-बत्तीस सुरांची अख्खी पट्टी असते. त्यांचे बूट खास बनवलेले, पातळ तळाचे, अरुंद. आणि ते बूट रस्त्यावर कधीच घालायचे नाहीत. ऑर्गनपाशी आल्यावर बदलायचे, झाल्यावर काढून ठेवायचे, बाहेरची खडी-माती वाद्याला लागू नये म्हणून. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतच हसलो. हे तर आजीचं सोवळं! स्वयंपाकघरातलं वेगळं, बाहेरचं वेगळं. आणि हेच माझ्या मित्राचे बॅडमिंटनचे बूट. आपल्याला जे कळत नाही म्हणून आपण अडवतो, ते आपल्या घरात आधीपासून आहे.

तर आम्ही पेटीची चप्पल केली. सोलापूरच्या कारागिराकडून एमसीआरचाच नवा जोड बनवून घेतला. मामाच्या पायाचं माप कागदावर काढून नेलं होतं. तळ सपाट, टाच-चवडा एका उंचीवर, आतलं मऊ रबर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, त्याखालचा तळ मात्र टणक, म्हणजे दाब सरळ पेडलाला जातो. पुढून बोटं झाकलेली, मागे पट्टा. कडा कापून पावलाएवढ्याच ठेवल्या. तळाला नक्षी नाही, खडे अडकायला जागा नाही. पेडलावरच्या चुकाही उपटल्या आणि गालिचा मामीने दोऱ्याने शिवून बसवला. हा जोड उंबऱ्याबाहेर जात नाही. जाईल तो पिशवीतून.

मामाला पहिला आठवडा अवघड गेला. "अनवाणी पायाला पेटी कळते," हे त्याचं पालुपद. मी म्हटलं, मामा, दहातल्या सात ठिकाणी दोरा कळला नाही, पेटी कशी कळत होती? तो गप्प बसला. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "मग कशाने वाजवत होतो रे मी इतके दिवस?" मला वाटतं घोट्याने, गुडघ्याने आणि सगळ्यात जास्त कानाने. तळपाय कधीचा रजेवर गेला होता आणि काम बाकीचे ओढत होते. (प्रत्येक टीममध्ये असं होतं.)

खात्री करावी म्हणून मी फोनमधलं आधीचं, अनवाणी काळातलं एक रेकॉर्डिंग आणि पेटीच्या चपलेतलं नवं रेकॉर्डिंग, एकच अभंग, आमच्या पखवाजवाल्या काकांना डोळे मिटून ऐकवलं. म्हटलं, जुनं कुठलं सांगा. त्यांनी क्षणात ओळखलं. माझा चेहरा पडला. विचारलं, पेटीवरून ओळखलंत? म्हणाले, "छे, पेटी सारखीच की. पहिल्यात आपल्या वीणेकरी आबांचा आवाज आहे, ते गेले ना गेल्या दिवाळीत." प्रयोग फसला, आणि आम्ही दोघं ते रेकॉर्डिंग परत शेवटपर्यंत ऐकत बसलो.

त्याच काकांनी मंडळात विषय काढला आहे. चपलेचा जोड नवा आहे, घराबाहेरची माती त्याला लागलेली नाही, रबराचा आहे, हे त्यांनी सांगितलं. दोघं-तिघं बरं म्हणाले. एकाने विचारलं, मग उद्या सगळेच चपला घालून बसतील. काका म्हणाले, ज्याचं बोट गेलंय त्याने खुशाल बसावं. ज्येष्ठ अजून काही बोललेले नाहीत. त्यांनी फक्त तो जोड एकदा बघायला मागितला. मामीने पिशवीसकट नेऊन दाखवला. त्यांनी चप्पल हातात घेतली, तळ दाबून पाहिला आणि विचारलं, "ह्यात आठ नंबर मिळतो का?"

त्यांनाही शुगर आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

सप्ताह चैत्रात आहे. मी पाच दिवसांची रजा टाकली आहे, मॅनेजरने अजून अप्रूव्ह केलेली नाही. मामीने पेटीची चप्पल ठेवायला खणाची पिशवी शिवली आहे. ती तिने पेटीच्या त्या अडकलेल्या खुंटीलाच टांगली आहे.